एका कानात सूर, एका कानात चाल

मित्रांनो, मला जुना म्हणायचं की नवा, ते तुम्हीच ठरवा. माणसाच्या मानानं मी अजून रांगतं पोर आहे. पण आमच्या जातीत दोन यात्रा बघितल्या की म्हाताऱ्यांत गणना होते. माझं नाव डॅक. बोटभर लांबीचा, करड्या धातूच्या अंगाचा. एका टोकाला मोबाईलमध्ये खुपसायची चपटी पिन आणि दुसऱ्या टोकाला वायर घ्यायचं गोल भोक. बस्स, एवढाच मी. कंग्राळीच्या आक्काताई मला 'डबी' म्हणतात, आणि त्या म्हणतात म्हणून घरात सगळेच तसं म्हणतात. एवढ्या मायेनं हाक मारणाऱ्या बाईशी कशाला वाद घालायचा?

माझं काम आधी सांगतो. तुम्हाला वाटतं, मोबाईलच्या पोटात गाणी असतात. कुठली गाणी! नुसते आकडे असतात, आकड्यांवर आकडे. ते वाचून त्यांची वीज करायची, कमी-जास्त, वर-खाली, जशी असेल तशी. मग पुढे हेडफोन नाहीतर स्पीकर त्या विजेचा आवाज करतो. वाचून दाखवायचं काम माझं. प्रत्येक मोबाईलच्या आत माझा एखादा धाकटा भाऊबंद असतोच. पण हल्लीच्या बऱ्याच मोबाईलना वायर घालायला भोकच नसतं, म्हणून बाहेरून माझ्यासारखा एक लावावा लागतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका मुलीनं मला यंत्राला लावलं, कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि खोक्यात बंद केलं. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मग जहाज, मग ट्रक. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आमचा ट्रक रांगेत उभा होता. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला आणि मी अंधारात बसून बाहेरची बोलणी ऐकत राहिलो. थोडी मराठी, थोडी कन्नड, मध्येच हिंदी. ही माझी भाषा होणार हे तेव्हा मला काय ठाऊक!

बेळगावात परशराम नावाच्या दुकानदाराच्या कपाटात मला जागा मिळाली, तीही अगदी मागच्या ओळीत. गिऱ्हाईक येई, कानात घालायचे बिनवायरीचे बुडखे मागे, ते घेऊन जाई. "वायरचं आता कोण नेतंय री," असं परशराम बेळगावच्या रीतीनं आदराचा कानडी 'री' जोडून म्हणत आणि माझ्यावरची धूळसुद्धा झटकत नसत. मित्रांनो, बिघडून पडून राहणं वेगळं आणि धडधाकट असून पडून राहणं वेगळं. दुसरं जास्त झोंबतं.

आता बेळगावाशेजारच्या कंग्राळी गावाकडे चला, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

कंग्राळीच्या यात्रेत दरवर्षी गावची मंडळी नाटक करतात. कुणी शेतात राबतो, कुणी उद्यमबागेतल्या फौंड्रीत, पण यात्रा जवळ आली की सगळे रोज सांजच्याला देवळात तालमीला हजर. बायकांची कामं करायला नट्या तेवढ्या बाहेरून आणतात. त्या एखादीच तालीम करतात आणि उभ्या राहतात. त्यांचा सगळा भरवसा पेटीवर. अमुक चाल वाजली की आत जायचं, तमुक वाजली की रडायचं. आणि ती पेटी वाजवायला उजव्या विंगेत ज्योतिबा. मिसरूड फुटायच्या आधीपासून ज्योतिबाच. पडदा वर जायच्या आधी त्यांची पेटी वाजली नाही तर गावाला यात्रा आल्यासारखी वाटायचीच नाही.

आणि मग ज्योतिबांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. हातपेटीला एका हातानं भाता मारायचा आणि दुसऱ्यानं पट्ट्यांवर वाजवायचं. एकच हात उरला की दोन्हीही जातं. पेटी भिंतीकडेला गेली. ज्योतिबांची बायको, म्हणजे आमच्या आक्काताई, तिला दर शुक्रवारी हळदकुंकू लावत, तेवढाच काय तो तिला माणसाचा स्पर्श.

त्या वर्षी नाटक बसवणाऱ्या युवराजनं नेटवरून संगीत उतरवलं आणि बिनवायरीच्या स्पीकरवर लावलं. नाटकात थोरला भाऊ धाकट्याच्या मुस्काटात मारतो, असा प्रवेश होता. थोरल्याचा हात फिरला, धाकट्याचा गाल फिरला, सगळं आटोपलं, आणि मग स्पीकरमधून आवाज आला, "फाट्!" बिनवायरीचा आवाज जरासा उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या उशिरात नाटकाची पार वाट लागली. लोक हसून लोळले. पुढे आई मरते त्या प्रवेशालासुद्धा लोक 'फाट्'ची वाट बघत बसले होते. ज्योतिबा त्या दिवशी नाटकाला गेलेच नव्हते. अंगणात बसून त्यांनी ते हसणं ऐकलं आणि आक्काताईंना एवढंच म्हणाले, "रडायच्या जागी हसालेत गं लोकं."

पुढच्या यात्रेआधी युवराज घरी आला. पोरगा मनाचा चांगला. म्हणाला, "आप्पा, औंदा तुमचा सत्कार करायचं ठरलंय. शाल, नारळ, आणि पुढच्या रांगेत मानाची खुर्ची."

ज्योतिबांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर सारखा केला. मग म्हणाले, "मला पुढनं नाटक बघायला येत न्हाय रं, लेका. मी कधी पुढनं बघिटलंच न्हाय. सगळं विंगेतनं. नटाची पाठ बघून सांगतो मी, खरं रडतोय का वरवर."

तेवढ्यात ज्योतिबांची सून रचना चहा घेऊन आली. ही उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारी. सासऱ्यांना ती मामा म्हणते आणि सासूला आत्या.

"औंदा संगीत कुणाचं लावणार?" तिनं विचारलं.

"नेटवरचंच की, वहिनी. खरं वायर लावून. फाट् वेळेवर येईल औंदा."

"मामांचं लावा."

"अहो पण आप्पांचा हात..."

"डावा हाय की!" रचना म्हणाली. "हळूहळू वाजवतील, मोबाईलमध्ये भरून घेऊ. गावाची पेटी गावात असताना कुठल्या परक्याची लावताय?"

युवराजनं डोकं खाजवलं. "बरं. तालमी सुरू व्हायच्या आधी ऐकवा. जमलं असलं तर तेच लावू. न्हाय जमलं तर मग नेटवरचं, आणि तुम्ही माझ्यावर रुसायचं न्हाय."

असं ते ठरलं. आणि दुसऱ्याच दिवशी रचना सासऱ्यांना घेऊन परशराम यांच्या दुकानात आली, कारण तिच्या मोबाईलला वायरचं भोक नव्हतं.

"या की री, बसा," म्हणत परशराम यांनी काचेवर आम्हा तिघा डॅकांना मांडलं. पहिला उंदराच्या शेपटीएवढा, स्वस्तातला. दुसरा ऐटदार, निळा दिवा लागणारा. "ह्येला बेस लई हाय. डॉल्बीच समजा." आणि तिसरा मी, धूळ पुसून घेतलेला. "ह्यो साधा. कोण नेत न्हाय."

रचनानं विचारलं, "हेडफोनला बी चालंल आणि नाटकातल्या स्पीकरला बी?"

"तिन्ही दोन्हीला चालतात री."

"मग ऐकूनच घेतो," ज्योतिबा म्हणाले. रचनानं आदल्या दिवशी त्यांच्या पेटीचा एक सूर मोबाईलमध्ये भरून आणला होता. आक्काताईंनी भाता मारला होता आणि ज्योतिबांनी डाव्या हातानं षड्ज धरला होता. तेवढंच. तेच तिघांतून ऐकायचं.

शेपटीवाल्यातून ऐकून ते म्हणाले, "शेजारच्या गल्लीत वाजल्यागत वाटतंय." मग निळा दिवा लागला. ज्योतिबांनी भुवया उडवल्या. "वा! ही कुणाची पेटी?"

"तुमचीच की, मामा."

"छ्या! माझी एवढी गोड कवा हुती? ह्यो माझी खुशामत करतोय." त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

मग माझी पाळी आली. मित्रांनो, खरं सांगतो, मला भीती वाटली. मला कुणाला गोड करून सांगता येत नाही. लपवता येत नाही आणि भरही घालता येत नाही. जे आकडे समोर आले ते मी सरळ वाचले. पट्टी खाली गेली तिची टकटक वाचली. भात्यातून निसटणारा वारा वाचला, बारीक 'सुस्' असा. भाता मारणाऱ्या हातातल्या बांगड्या वाचल्या. ज्योतिबांनी डोळे मिटले होते. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले आणि मग म्हातारा एकदम हसला.

"अगं रचना, भात्याला भोक पडलंय बघ! आणि ह्या तुझ्या आत्याच्या बांगड्या!"

परशराम ओशाळले. "खरखर येतीय काय? दुसरा दाखवतो री, थांबा."

"खरखर न्हाय ओ त्ये," ज्योतिबा म्हणाले, "माझं घर हाय. ह्योच द्या."

असा मी निवडला गेलो. सगळ्यात मागच्या ओळीतला, कुणी नेत नसलेला मी, माझ्यातून भात्याचं भोक ऐकू आलं म्हणून!

मग सुरू झाली डाव्या हाताची शाळा. रोज सकाळी रचना कामाला जायच्या आधी आणि परत आल्यावर. उजव्या हाताला जन्मभर जे येत होतं, ते डाव्याला काही केल्या येईना. अंगठा जायच्या जागी करंगळी पोहोचायची. ज्योतिबा आपल्याच हाताला पोरासारखं समजावत, "अरं माझ्या राजा, तिकडं न्हवं, हिकडं." भात्यावर आक्काताई. आजवर त्या माउलीनं पेटीची पूजा केली होती, पण पेटी वाजवायला कधी हात लावला नव्हता. त्यांचा भाता सुरुवातीला धाडधाड चाले.

"भाकऱ्या थापालीस काय गं?" ज्योतिबा ओरडत.

"मग तुम्हीच मारा की!" आक्काताई फणकारत. आणि मग वाजवता वाजवता भाता त्यांना मारता येत नाही हे दोघांनाही आठवे. थोड्या वेळानं भाता परत चालू होई, या वेळी जरा सावकाश.

भरून घ्यायची रीत रचनानं शोधली. एका हातानं सूर धरणं आणि चाल वाजवणं दोन्ही होत नाही. म्हणून आधी नुसता सूर भरायचा, दोन पट्ट्या दाबून, लांबलचक. मग तो सूर माझ्यातून हेडफोनमध्ये ऐकत ज्योतिबांनी वरून चाल वाजवायची. बिनवायरीचं यंत्र इथे कामाचं नव्हतं, सूर उशिरा आला असता आणि चाल घसरली असती. ऐकून तपासताना आपला हात वेगळा ऐकू यावा म्हणून ज्योतिबांनी सांगितलं, "सूर एका कानात ठेव, चाल दुसऱ्या कानात." रचनानं तसं केलं. ऐकायला इतकं छान वाटलं की पुढे ते तसंच राहिलं.

आणि मी काय करत होतो? मी चुका वाचून दाखवत होतो. दुसरं काय येतंय मला! स्वर किंचित उशिरा पडला की मी उशिराच वाचायचो. बोट घसरलं की घसरलेलं वाचायचो. कुणी दुसरा असता तर त्यानं मला खिडकीतून भिरकावलं असतं. ज्योतिबा मात्र मान हलवत आणि म्हणत, "परत." आक्काताई पदरानं घाम पुसून परत भात्याला हात घालत. त्या काळात मी जेवढं 'परत' ऐकलं तेवढी गाणीसुद्धा ऐकली नाहीत. आणि मित्रांनो, मी इतका अभिमानानं कधी कुणाच्या चुका वाचल्या नाहीत, कारण रोज त्या कालच्यापेक्षा कमी होत होत्या.

एका सकाळी आईच्या निरोपाची चाल अखंड आली, कुठेही न अडखळता. ही चाल ज्योतिबांची स्वतःची, भैरवीच्या अंगानं जाणारी. त्यांनी हेडफोन काढला आणि आक्काताईंच्या डोक्यावर चढवला. आक्काताई ऐकत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरले आणि हसूही आलं.

"आगं बया! ह्या माझ्या बांगड्या हायत की! नाटकात माझ्या बांगड्या?"

"आत्या, पाहिजे तर बांगड्या काढून परत भरू या," रचना म्हणाली.

"काय काढायला नकोत," ज्योतिबा म्हणाले. "असू देत."

युवराजला बोलावून ऐकवलं. तो पहिल्यांदा उभ्यानं ऐकत होता, मग खाली बसला. हेडफोन काढून त्यानं ज्योतिबांच्या पायाला हात लावला. "आप्पा, हेच लावायचं." घर आनंदानं भरून गेलं. पण सत्काराच्या खुर्चीचं गावभर सांगून झालं होतं. त्यामुळे पेटी विंगेतून वाजणार होती आणि पेटीवाला पुढे बसणार होता. रात्री जेवताना ज्योतिबांची अर्धी भाकरी तशीच राहिली.

यात्रेचा दिवस उजाडला. आता स्पीकरला वेळेची मर्यादा असते, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू करतात. आमच्या मंडळींची एक रीत आहे, पेटीची पूजा झाल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. या वर्षी पेटी वाजायची नव्हती, तरी ती उजव्या विंगेत आणून ठेवली होती, पूजेपुरती. पूजेचा मान आक्काताईंना दिला. त्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, पडद्याला लावलं, माईकला लावलं. आणि मग त्यांची नजर मोबाईलला लटकलेल्या माझ्यावर गेली.

"आणि डबीला न्हाय व्हय? लेकरागत राबलीय बिचारी."

आता माझ्या अंगावर कपाळ म्हणावं अशी जागा कुठली? एकच, ते गोल भोक. आक्काताईंनी चिमूटभर कुंकू घेतलं आणि बरोबर तिथेच ठसठशीत दाबलं. वर नारळाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडले. सांगू का मित्रांनो, मला परमानंद झाला. कारखान्यातल्या त्या मुलीनंतर माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. रचना तेव्हा पलीकडे वायर सोडवत होती. ती धावत आली, वायरचं टोक माझ्यात खुपसलं आणि कुंकू आणखी आत गेलं.

सत्कार झाला. शाल पांघरून ज्योतिबा पुढच्या रांगेत बसले. आक्काताई बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. पहिले प्रवेश नीट गेले. मुस्काटात मारल्याचा आवाज अगदी वेळेवर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आत मात्र ओलं कुंकू हळूहळू बसत चाललं होतं. मधूनच बारीक खर्र होई. मी जीव तोडून वाचत होतो, पण वाचलेलं बाहेर जाईना.

निरोपाचा प्रवेश आला. धाकटा भाऊ घर सोडून निघालाय, खांद्यावर पिशवी, आणि आतून आई येणार. आईचं काम करणारी नटी विंगेत तयार उभी होती. चाल वाजली की आत जायचं, एवढं तिला ठाऊक. रचनानं बटण दाबलं. सूर सुरू झाला, आणि चाल आलीच नाही. माझा एक कान बंद पडला होता आणि नेमका चालीचा. स्पीकरमधून नुसता सूर येत राहिला, लांबच लांब.

नटी चालीची वाट बघत उभी. रंगमंचावर धाकटा भाऊ "जातो मी, आई," म्हणाला. आई आलीच नाही. तो परत म्हणाला, "जातो मी." मागून कुणीतरी ओरडलं, "अरं मग जा की!" हशा पिकला. दुसरा ओरडला, "फाट् कर रं!" पुन्हा मोठा हशा. रचना वायर फिरवून बघत होती. युवराजचा चेहरा पांढराफटक. आणि मी! एवढी सकाळ-संध्याकाळची मेहनत माझ्या पोटात होती आणि मला ती बाहेर काढता येत नव्हती. मला रडता येत असतं तर मी तिथं रडलो असतो.

"चाल गेली," असं पुढच्या रांगेत एकच माणूस म्हणाला. ज्योतिबा खुर्चीतून उठले. शाल खांद्यावरून घसरली, त्यांनी ती उचलली नाही. सगळ्या गावासमोरून, पाय जरासा ओढत, ते उजव्या विंगेकडे निघाले. बायकांच्या गर्दीतून कुणीतरी "सरका गं, सरका!" करत येत होतं. आक्काताई! दोघं एकाच वेळी पायऱ्यांशी पोहोचली.

पेटीवरची फुलं ज्योतिबांनी बाजूला केली. आक्काताई मांडी ठोकून बसल्या आणि त्यांनी भाता उघडला. आणि डाव्या हातानं, ज्या हाताला कालपरवापर्यंत करंगळी कुठे ठेवायची कळत नव्हतं, त्या हातानं निरोपाची चाल उचलली. युवराजनं माईक ओढून पेटीपुढे धरला आणि तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

सूर माझा, चाल त्यांची. तो सूरही त्याच पेटीचा होता, म्हणून दोन्ही असे जुळले की मला स्वतःचा आवाज वेगळा ओळखता येईना. त्याच भात्याचं तेच 'सुस्', त्याच बांगड्या, एकदा माझ्यातून आणि एकदा प्रत्यक्षात. नटी आत गेली. हशा कुठल्या कुठे विरला.

आणि तेव्हा मी एक गोष्ट बघितली, ती मी जन्मात विसरणार नाही. आई मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला गेली आणि तिला खरंच भरून आलं. हात मध्येच थांबला. शब्द येईना. ज्योतिबांनी तिरकी नजर टाकली, तिची पाठ बघितली, आणि तेही थांबले. एका स्वरावर, बोट न उचलता, ती सावरेपर्यंत. आक्काताईंनी भाता हलका केला. मग आईचा हात खाली आला आणि चाल पुढे सरकली. मित्रांनो, हे मला कधीच जमलं नसतं. मी थांबू शकत नाही. आकडे येतात तसे मी वाचत सुटतो, समोर कुणाला हुंदका येवो की ठसका. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. पुरुष नुसते खाली बघत होते.

पडदा पडला. ज्योतिबांना लोकांनी अक्षरशः उचललं. मला कोण विचारतंय! "ते डॅक गेलंय, वहिनी, फेकून द्या, नवीन आणू," युवराज म्हणाला. रचनानं वायर उपटली तर तिचं टोक लालभडक. आक्काताईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आगं आई! माझ्याच हातानं घात झाला की."

"घात कसला?" ज्योतिबा म्हणाले. "तू कुकू लावलीस म्हणून मी परत विंगेत आलो."

तरी त्या गडबडीत मला पेटीच्या रिकाम्या खोक्यात टाकलं, खोकं आतल्या खोलीत गेलं आणि सगळे विसरले. कापणी आली, मळणी आली. अंधारात पडून मी भिंतीपलीकडची पेटी ऐकत होतो. ती आता रोज वाजत होती, माझ्याशिवाय. ऐकायला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. शेवटी एका सकाळी ज्योतिबांचा आवाज आला, "डबी कुठाय गं? सुराबिगर हात पोरका वाटतोय."

रचनानं काडीला कोरडा कापूस गुंडाळून माझ्यातलं कुंकू हळुवार काढलं, कण न् कण, कारखान्यातला माल तपासावा तशी. मग वायर लावली. "मामा! दोन्ही बाजू लागल्या बघा!"

ज्योतिबांनी हेडफोन लावून पूर्ण चाल ऐकली. आपल्याच हाताची, स्वच्छ, एकही चूक नसलेली. माझी छाती भरून आली. आता म्हणतील, औंदा हीच लावा. त्यांनी हेडफोन काढला आणि मला तळहातावर घेतलं.

"रचना, सूर तेवढा ठेव. चाल पुसून टाक."

"पुसून? मामा, एवढी मेहनत..."

"पूस गं. ती बाजू माझी हाय."

यंदाच्या यात्रेत मी एकाच कानानं वाजलो, चाल ज्योतिबांनी विंगेतून वाजवली. मानाच्या खुर्चीचं कुणी नावही काढलं नाही. ती शाल आता पेटीवर घालतात, धूळ बसू नये म्हणून. पूजेच्या वेळी आक्काताईंनी चिमूट उचलली, माझ्याकडे बघितलं, जीभ चावली, आणि रचनानं मला ठेवायला आणलेल्या छोट्या डबीच्या झाकणावर कुंकू टेकवलं.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्यासारख्याला कोरडं ठेवा, वायर हिसकू नका, आणि लाड करायचे तर झाकणावर करा. आम्ही लहान असतो आणि चिमूटभर मायेनंही आमचा कान बंद होतो. आणि तुमच्या घरात, गावात कुणाचा एक हात थकला, तर त्याच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची मांडायच्या आधी त्याच्या दुसऱ्या हाताला एकदा विचारून बघा.